चक्रवाक, राहणार काकरनेर

काकरनेर ग्रामपंचायतीच्या हद्दीत एकूण किती प्रकारचे सजीव राहतात, याची माहिती शासनाकडे नव्हती. सजीवांकडेही ती नव्हती आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेले नव्हते. परंतु देशभरातल्या झाडापाखरांची माहिती एकाच जाळ्यात गोळा करणारे 'सजीव-सेतू' नावाचे संकेतस्थळ सुरू झाले आणि पंधरा दिवसांत आपापले सजीव भरा, असे परिपत्रक आले. खाली टीप होती : 'मनुष्य वगळून.'

गावाची जैवविविधता समिती होती. जसोदाबाई पाटील तिच्या अध्यक्ष होत्या. आपण सहा वर्षांपासून अध्यक्ष आहोत हे त्यांना परिपत्रक आले त्या दिवशी कळले. मात्र पद कागदावरचे असले तरी ज्ञान खरे होते. सगळे आयुष्य तापीकाठच्या केळी-कपाशीत काढलेल्या या बाईने ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून, एकदाही न अडखळता, दोनशे बारा पाखरे, किडे, गवते आणि झाडे मोजून दाखवली. मध्ये फक्त एकदा पाणी प्यायल्या.

अडखळला तो कलीम. कलीम हा पंचायतीचा संगणक चालवणारा तरुण, रोज शहाद्याहून मोटरसायकलवर येणारा. संकेतस्थळ ज्या कंपनीने बनवले होते तिने आधी कुठल्याशा योजनेचे संकेतस्थळ बनवले होते आणि काटकसर म्हणून त्यातच 'लाभार्थी' खोडून 'सजीव' लिहिले होते. बाकीचे रकाने जसेच्या तसे होते.

"माय, टिटवीना बापनं नाव काय लिखू?" कलीमने विचारले.

"टिटवाच व्हई ना!" जसोदाबाई म्हणाल्या.

कलीमने 'टिटवा' लिहिले. संकेतस्थळाने ते स्वीकारले. शिक्षण 'निरक्षर', वैवाहिक स्थिती 'हंगामी', असे करत गाडी पुढे गेली आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबली. तिथे सजीवाचा मोबाईल क्रमांक हवा होता. त्या क्रमांकावर ओटीपी जाणार होता आणि एका क्रमांकावर एकच सजीव चालणार होता.

टिटवीकडे मोबाईल नव्हता. तेव्हा दवंडी देऊन गावातले मोबाईल बोलावण्यात आले. काकरनेरच्या इतिहासात एवढी गर्दी ग्रामसभेलाही झाली नव्हती. बिबट्या घेण्यासाठी सतरा जण पुढे आले; चिठ्ठी टाकली, तो केळीच्या बागेवर राखण करणाऱ्या भिलाला लागला. गाढव घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून ते एका गैरहजर माणसाला देण्यात आले. मोरावर सरपंच रूपचंद यांनी पदसिद्ध हक्क सांगितला. जसोदाबाईंनी टिटवी घेतली. त्यांची नात नूतन नुकतीच बारावी झाली होती. तिने चक्रवाक मागून घेतला. दर हिवाळ्यात तापीच्या पात्रात हे नारिंगी बदक उतरते आणि लहानपणापासून नूतन आजीबरोबर ते बघायला जात असे.

तेराव्या दिवशी काकरनेर जिल्ह्यात पहिले आले. प्रशस्तिपत्र मिळाले. त्यात गावाचे नाव चुकले होते, पण आनंदात कोणी बोलले नाही.

त्यानंतर जोडणी झाली. 'माहिती एकदाच द्या, सगळीकडे वापरा' या धोरणानुसार सजीव-सेतू मोबाईल क्रमांकावरून बाकी सर्व खात्यांच्या संगणकांना जोडण्यात आला आणि काकरनेरमध्ये सुधारणा दिसू लागल्या.

भिला दुकानात विडी घ्यायला निघाला की साऱ्या गावाच्या मोबाईलवर संदेश येई : 'आपल्या परिसरात बिबट्या आहे. मुलांना घरात घ्या.' चौथ्या दिवशी त्याच्या घरासमोर पिंजरा लागला. पिंजऱ्यात कोंबडी होती. भिलाने ती दोन दिवस सोसली, तिसऱ्या दिवशी मोह आवरला नाही आणि दार पडले. सरपंचांचे मात्र भले झाले. त्यांच्यावर आणलेला अविश्वास ठराव तालुक्याहून परत आला. राष्ट्रीय पक्ष्यास त्रास देणे हा गुन्हा आहे, असा त्यावर शेरा होता.

गाव हसत होते. मग नूतनने रहिवासी दाखल्यासाठी अर्ज केला. लोणखेड्याच्या कॉलेजात तिला प्रवेश घ्यायचा होता. विषय, योगायोगाने, जीवशास्त्र. दुसऱ्या दिवशी उत्तर आले : 'अर्जदार स्थलांतरित आहे. वास्तव्य नोव्हेंबर ते मार्च. दाखल्यासाठी मूळ गावी, लडाख येथे, संपर्क साधावा.'

आजी-नात तालुक्याच्या सजीव समन्वय कक्षात गेल्या. समन्वय अधिकारी सज्जन होते. त्यांनी दोघींना बसायला सांगितले आणि संगणकात पाहिले.

"तुम्ही जुलैमध्ये इथे कशा?" त्यांनी नूतनला काळजीने विचारले. "तब्येत बरी आहे ना?"

"साहेब, मी माणूस आहे."

"पुरावा?"

नूतनने आधार कार्ड दिले. साहेबांनी ते उलटसुलट पाहिले. "यात नाव आहे, पत्ता आहे, फोटो आहे. प्रजाती कुठे आहे?"

"मग प्रजाती बदला ना. यादीतून माणूस निवडा."

"माणूस यादीत नाही. परिपत्रकातच वगळलाय." साहेबांनी आवाज मऊ केला. "चक्रवाक नको असेल तर कावळा करून देतो. कावळा बारमाही आहे. दाखला लगेच निघेल."

नूतन क्षणभर विचारात पडली हे तिने पुढे कोणालाही सांगितले नाही. पण कावळ्याला कॉलेजात प्रवेश आहे की नाही, हे साहेबांना खात्रीने सांगता येईना.

जसोदाबाईंचा संयम संपला. "आरे भाऊ, ही मन्ही नात शे! मन्हा डोयासमोर जलमनी!"

"आपण कोण?" साहेबांनी क्रमांक घालून पाहिला. "टिटवी. बाई, टिटवीची नात चक्रवाक कशी? हे तर आणखी गंभीर आहे."

प्रजातीची तपासणी तज्ज्ञ समिती करणार होती आणि स्थलांतरितांची तपासणी ते आल्यावरच, म्हणजे नोव्हेंबरात, होणार होती. प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपत होती.

बुधवारी कलीमने वाट शोधली. सजीव स्थानिक पातळीवर नामशेष झाल्याचे समितीच्या अध्यक्षांनी लिहून दिले, तर त्याचा क्रमांक मोकळा होत होता. त्याने मजकूर छापून आणला : 'काकरनेर हद्दीत चक्रवाक हा पक्षी आता आढळत नाही.' खाली सहीची जागा होती.

जसोदाबाईंनी कागद वाचला आणि पेन खाली ठेवले.

"ते दरसाल येतस. मी कशी लिखू, ते मरी गयात म्हनीसन?"

"माय, कागदवरच मरतीन. त्यासले काय कळनार शे?" कलीम म्हणाला.

"राहू दे आजी," नूतन म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." आणि तोंड फिरवून उभी राहिली. पुढच्या वर्षीचे बघणे म्हणजे काय असते, हे गावातल्या मुलींना माहीत असते. जसोदाबाईंनाही ते माहीत होते. त्यांचे स्वतःचे पाचवीनंतरचे पुढचे वर्ष अजून आले नव्हते. त्यांनी सही केली. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत.

शुक्रवारी दुपारी नूतनला प्रवेश मिळाला.

ही बातमी गावात पसरली आणि जसोदाबाईंच्या ओट्यावर रांग लागली. भिलाच्या बायकोला नवरा पिंजऱ्यातून हवा होता. बिबट्या नामशेष झाला. कोणाला रेशन हवे होते, मुंगूस गेले. कोणाला पोराचे लग्न नोंदवायचे होते, साळिंदर गेले. गैरहजर माणूस सुरतेहून धावत आला आणि गाढवाची सही आधी करा म्हणून भांडला. पहिली सही जड गेली होती, दहावी कमी जड गेली, पन्नासावीला जसोदाबाई वाचायच्या थांबल्या. महिनाभरात लिंब, बाभूळ, गांडूळ, कुसळी गवत असे सगळे नामशेष झाले. शेवटी त्यांनी टिटवीच्या कागदावर सही केली, तेव्हा शेजारच्या शेतात टिटवी ओरडत होती.

काकरनेरमध्ये आता मोर सोडून कोणीही जिवंत नव्हते. प्रलंबित नोंदी जवळजवळ शून्यावर आणल्याबद्दल गावाला दुसरे प्रशस्तिपत्र मिळाले. या वेळी नाव बरोबर होते.

नोव्हेंबरात गावात यंत्रे आली. देशभरच्या सजीवांची माहिती साठवायला सजीव-सेतूला मोठी इमारत हवी होती. तिथल्या संगणकांना थंड ठेवायला नदीचे पाणी हवे होते आणि जागा अशी हवी होती, जिथे कोणत्याही सजीवाला त्रास होणार नाही. जाळ्याने सारा देश चाळून अकरा मिनिटांत एक जागा काढून दिली : काकरनेर, तापीचा काठ. प्रस्तावाला मोराची लेखी संमती जोडलेली होती. सही रूपचंद यांची होती.

जसोदाबाई यंत्रासमोर उभ्या राहिल्या. समन्वय अधिकारी जीपमधून उतरले. त्याच वेळी डोक्यावरून नारिंगी बदकांचा थवा ओरडत पात्राकडे उतरला.

"हाई देखा! हाई काय शे मग?"

साहेबांनी वर पाहिले. चांगली पाच मिनिटे पाहिले. त्यांनी आयुष्यात चक्रवाक पहिल्यांदाच पाहिला होता. "सुंदर आहेत," ते म्हणाले, "पण नोंदीत नाहीत. आणि बाई, हरकतीची मुदत संपली. तीस दिवस खुली होती."

"आमले कोनी सांगं नही."

"गावाला कसे सांगणार? नोंदीप्रमाणे इथे मोर सोडून कोणी नव्हते. पण बाकी देशातल्या प्रत्येक मोबाईलवर सूचना गेली होती. एकाचीही हरकत आली नाही."

साहेब खोटे बोलत नव्हते. सूचना तुम्हालाही आली होती. पूर्ण वाचायला चार मिनिटे लागली असती. तुम्ही घाईत होता, म्हणून खालच्या 'मला मान्य आहे' वर बोट ठेवून पुढे गेलात.