चिलखताचं माप

आमच्या गल्लीतले अंकुशअण्णा एकदा चिलखत घालून पिठाच्या गिरणीत आले. अंगात काळं रेक्झीन, छातीवर तेलाच्या डब्याचा पत्रा, खांद्यांवर फोमचे दोन डोंगर आणि डोक्यावर ज्वारीचा डबा. गिरणीवाल्यानं मुकाट्यानं डबा उतरवून घेतला. मला मात्र राहवलं नाही.

"अण्णा, हे काय?"

"ट्रायल हाय," ते म्हणाले. "डबा डोक्यावर घेता आला, की तलवार उचलता येती. शिनेमातल्या राजाला कोण दळणाला धाडतंय? म्हणून त्याची शिवण कच्ची ऱ्हाती."

एसटीच्या आगारात अण्णांनी सगळी नोकरी सीटांची कव्हरं शिवण्यात काढली. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, नाहीतर सुनेच्या फोडणीत लक्ष घालतात. अण्णांनी जादूच्या आणि राक्षसांच्या सिनेमांतले पोशाख घरच्यांसाठी शिवायला घेतले. दर दिवाळीला एक सिनेमा. पाडव्याला सगळं घर त्या पोशाखात गच्चीवर उभं राहतं आणि फोटो निघतो. अण्णा, सुमनकाकू, पुण्याहून आलेला मुलगा महेश, सून आणि नात ओवी.

सिनेमा ते मोबाइलवर थांबवून थांबवून बघतात, पण गोष्टीशी त्यांना काही देणंघेणं नसतं. एकदा मी विचारलं, शेवटी राजा जगला का मेला?

"ठाऊक न्हाय बा. पर त्याच्या बाहीची शिवण उलटी व्हती."

सामान सगळं इथलंच. जादूगाराची दाढी धनगराकडून आणलेल्या लोकरीची होती. तिला मेंढराचा वास येत होता, म्हणून त्या वर्षीच्या फोटोत सून नाक दाबून उभी आहे.

एका नवरात्रात त्यांनी काकूंना जादूनगरीची राणी केलं. रत्नं कुठून आणणार? तुळजापुरातून कवड्यांच्या माळा आणल्या. ट्रायलसाठी त्या गळ्यात घालून काकू दारात उभ्या राहिल्या, हातात भाजीची दुरडी. पलीकडच्या आजींना कमी दिसतं. कवड्यांच्या माळा बघून त्यांना वाटलं, देवीची आराधीण जोगवा मागायला आली. त्यांनी दुरडीत ओंजळभर पीठ घातलं आणि वाकून पाया पडल्या. काकूंनी "उदो उदो" म्हणत हात वर केला आणि त्या पिठाची भाकरी थापली.

"नको कसं म्हणू? देवीच्या नावाचं पीठ हाय," काकू मला म्हणाल्या.

अण्णांना वेगळाच आनंद. "बघा! लोक पाया पडायलेत. राणी म्हंजे अशी पायजे!"

गल्ली अण्णांना हसते, मीही हसते. पण त्यांनी शिवलेलं आजवर कुठं उसवलेलं मी पाहिलं नाही. एवढं मन लावून मी जन्मात काही केलेलं नाही, हेही कबूल करते.

त्यांचा जाच एकच. माप स्वतःच्या हातानं घेणार. त्यासाठी महेशला दिवाळीच्या महिनाभर आधी पुण्याहून एक खेप घालावीच लागायची. यंदा तो कंटाळला. बायकोकडून मापं घेऊन त्यानं मोबाइलवर पाठवून दिली. छाती, कंबर, बाही, सगळं नीट लिहिलेलं. अण्णांनी वाचलं, फोन उपडा ठेवला आणि मशीनवर फडकं टाकलं.

"ह्या मापाचा माणूस माझ्या वळखीचा न्हाय."

आठ दिवस मशीन बंद. काकू माझ्याकडे आल्या. "धड जेवत बी न्हाईत. मशीनपशी नुसतं बसायलेत. यंदा काय शिवत न्हाईत ते." मग मीच आगाऊपणा केला आणि महेशला फोन लावला.

रविवारी दुपारी तो आला, चांगलाच वैतागलेला. "अण्णा, एका टेपसाठी एवढा वेळ एसटीत बसून आलोय मी!"

"हुबा ऱ्हा नीट," अण्णा म्हणाले. वही माझ्या हातात दिली. बाही झाली, उंची झाली. कंबर दोन इंच वाढली होती. पुण्याला ज्वारीची भाकरी मिळत नाही त्याचा हा परिणाम, असा निर्वाळा मिळाला. मग छाती. अण्णांनी दोन्ही हात महेशच्या पाठीमागं नेले आणि टेप पुढं आणली.

"बेचाळीस."

मी लिहिलं. "घसरली वाटतं," असं पुटपुटत अण्णांनी पुन्हा हात पाठीमागं नेले. बेचाळीस. या वेळी त्यांचं डोकं महेशच्या खांद्याला टेकलं होतं. तिसऱ्यांदाही बेचाळीसच.

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. मागं ओवीच्या हट्टापायी अण्णांनी मला बोलणारं झाड केलं होतं. तो पोशाख त्यांनी रस्त्यापलीकडून नुसतं बघून शिवला आणि मला चपखल बसला. या माणसाला टेप कशाला लागते? आमच्याकडे लेक मोठा झाला की बाप त्याला जवळ घेत नाही. लेक पाया पडतो, बाप "बरं, बरं" म्हणतो आणि दोघं दोन खोल्यांत जाऊन बसतात. अण्णांच्या वाट्याला वर्षातून एकदा हे छातीचं माप येतं, तेवढंच. मी वहीतून मान वर काढली नाही.

महेशचा वैताग कधी उतरला कोण जाणे. अण्णा टेप गुंडाळायला लागले, तसे त्यानं दोन्ही हात पुन्हा वर केले.

"अण्णा, परत घ्या," तो म्हणाला. "मघाशी मी श्वास धरला व्हता."