हेडसरांच्या खिशातल्या गोळ्या

"गोळ्या कुठायत?" आक्कांनी विचारलं, आणि त्यांच्या थोरल्या लेकाने इस्त्री उभी करून छताकडे पाहिलं. छताला गोळ्या लटकत नाहीत, एवढं आक्कांनाही कळत होतं.

थोरल्याला गजकर्ण झालं होतं, तेही साधंसुधं नव्हे. लाँड्रीतल्या वाफेत घाम मुरून कमरेच्या पट्ट्याखाली एक गोल चट्टा उठला, तेव्हाच डॉक्टरला दाखवायचा. पण ह्या शहाण्याने कुणाचं तरी ऐकून एक ट्यूब आणली नि चोळली. खाज थांबली, आणि मागून चट्ट्याला मुलंबाळं झाली. पोट, पाठ, काखा, जिथे बघावं तिथे वर्तुळं. डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब सरळ कचऱ्यात टाकली. एवढं पसरल्यावर वरून चोळून भागत नाही म्हणाल्या. त्याचं रक्त तपासलं आणि पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या.

"दुखणं कातडीला आणि औषध पोटात?" आक्का म्हणाल्या. "तोंडातून गेलेल्या गोळीला पाठीचा पत्ता कोण सांगतं?"

"रक्त नेतं, आजी. नवी कातडी येते ती औषध घेऊनच येते. भरपेट जेवून घ्यायची. खाज थांबली तरी मी सांगेपर्यंत सोडायची नाही, नाहीतर पुन्हा उसळेल."

आक्कांना काही ते पटलं नाही. तरी रोज आंघोळ झाली की त्या पोराची पाठ बघत. लाल कडा आधी बसल्या, मग फिकटल्या. एका सकाळी अख्खं एक वर्तुळ गायब! आक्कांचे हात आपोआप जोडले गेले. देवाला नव्हे, गोळीला. लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण आत शिरून बाहेरचा डाग काढणारं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

हे नवल चारचौघांत सांगायला जीभ वळवळत होती. पण सांगणार कुठल्या तोंडाने? लाँड्रीवाल्याच्याच अंगावर गजकर्ण म्हटल्यावर कपडे कोण टाकणार? म्हणून घरात हुकूम सुटला होता, की गोळ्या गिऱ्हाइकाच्या नजरेला पडता कामा नयेत.

"तूच म्हणालीस ना, लपव म्हणून," थोरला पुटपुटला. "जेवून स्ट्रिप काढली, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. समोर घडीची पँट होती, तिच्या खिशात सरकवली."

"मग काढ की!"

"पँट घेऊन गेले."

"कोण?"

"हेडसर."

आक्का स्टुलावर बसल्या. सगळी गल्ली सोडून नेमके हेडसर! कॉलरची शिवण उलटून तपासणारा माणूस. आवाज असा, की घरात खोकले तरी कोपऱ्यावर ऐकू यावं.

"नव्या आणू?" थोरल्याने विचारलं.

"कशा आणशील? डॉक्टरीणबाई बाहेरगावी, आणि चिठ्ठीशिवाय दुकानदार देत नाही. बोभाटा झाला तर दुकान जाईल, गोळी चुकली तर पाठ!"

पँटची क्रीज चुकलीय, असा बहाणा वाटेत घोकत आक्का निघाल्या. दार हेडसरांनीच उघडलं. आक्कांना बघून त्यांचा चेहरा धुतल्या चादरीसारखा झाला. दार मागे लोटून ते जिन्यात आले.

"हळू बोला, आक्का. हिला काही ठाऊक नाही. तुमचे उपकार कसे फेडू?"

आक्का क्रीजचं काढणार, पण हेडसर थांबेनात.

"घर पालथं घातलं हो मी गोळ्यांसाठी! तुम्हाला धुवायला टाकलेल्या माझ्या पँटच्या खिशात सापडल्या, आणि चकार शब्द न काढता तुम्ही परत ठेवल्यात. दुसरी कुणी असती तर दवंडी पिटली असती." हेडसरांनी बाही वर सारली. कोपराच्या वर तेच वर्तुळ होतं, तशीच लाल कड.

आता मान डोलावून घरी जायचं, की झालं. दुकान शाबूत, वर देवमाणूस म्हणून नाव. आक्कांनी मान अर्धी डोलावलीही. तेवढ्यात त्यांना पोराची पाठ आठवली.

"सर, त्या तुमच्या नाहीत. माझ्या थोरल्याच्या आहेत. त्याला पाठभर गजकर्ण झालंय. उद्यापासून कपडे हवे तिथे टाका, पण गोळ्या द्या."

हेडसर जवळ सरकले. मग त्यांनी हळूच विचारलं, "पाठभर? आणि... जातंय?"

"काय सांगू, सर! अख्खं वर्तुळ गेलं. बोट फिरवलं तरी कळत नाही कुठे होतं."

"नुसत्या गोळीने?"

"नुसत्या गोळीने! आतून!"

दोघंही जिन्यात डोळे विस्फारून उभे राहिले. हेडसरांनी खिशातून स्ट्रिप काढून दोन्ही हातांनी आक्कांना दिली. मग त्यांचे हात तसेच हवेत राहिले.

"पण मग माझ्या कुठे गेल्या?"

त्यांच्या मागे लोटलेलं दार उघडलं. हेडसरांच्या बायकोच्या हातात दुसरी स्ट्रिप होती. तिच्यात एकच गोळी उरली होती.

"माझ्याकडे आहेत. तुमच्या टॉवेलने मलाही प्रसाद दिला. तुम्हाला सांगायची लाज वाटली, म्हणून मीच घेत राहिले."

"अहो बाई, रक्त न तपासता?" आक्का ओरडल्या. "दुसऱ्याची गोळी गिळता? डॉक्टरीणबाई आल्या की पहिल्यांदा गाठा त्यांना!"

"जाते हो, जाते. पण आधी हे बघा तरी!" तिने मनगट पुढे केलं. "इथे होतं. शोधून दाखवा!"

आक्कांनी चष्मा पुसून लावला, मनगट उलटंसुलटं केलं, बोट फिरवलं. काही म्हणजे काही सापडेना.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या.

हेडसर कोपर खाजवत बाजूला उभे होते. त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.