आमदारांची वाट अडवणारे अप्पा

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमदारांनी राजीनामे द्यावेत म्हणून गिरणगाव पेटलं होतं, त्या दिवसांतल्या एका रविवारी सकाळी आमच्या लालबागच्या चाळीत अप्पा तळवडेकर आमच्या भागाच्या आमदारांना म्हणाले, "राजीनामा देऊ नका."

चाळ जागच्या जागी थिजली. हेच अप्पा आदल्या महिन्यात मोर्चात लाठी खाऊन आले होते.

अप्पा निवृत्त कारकून. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. धुराविषयीच्या कायद्याचा त्यांना ध्यास होता. समोरच्या गिरणीचं धुराडं थेट त्यांच्या खिडकीत ओकायचं आणि अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दमा होता. सरकारी राजपत्र वाचायला ते दादरच्या वाचनालयात चालत जात. घरात आमटी खारट झाली तरी विचारत, "कलम काय म्हणतं?"

रोज सकाळी ते पांढऱ्या रुमालाने खिडकीची चौकट पुसत आणि काळा झालेला रुमाल पुरावा म्हणून अर्जाला टाचून आमदारांना पाठवत. एकदा आमदारांच्या कचेरीतून रुमाल परत आला. धुऊन, इस्त्री करून. सोबत आभाराची चिठ्ठी. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत.

तरी ते आमदारांच्या दारात जात राहिले. शेवटी गिरण्यांच्या धुराला आळा घालणारी दुरुस्ती विधानसभेत मांडायचं आमदारांनी कबूल केलं. बुधवार ठरला. त्याआधीच्या रविवारी आमदार चाळीत आले आणि लोकांनी राजीनाम्यासाठी त्यांना गराडा घातला.

आमदार निघू लागले तसे अप्पा जिन्याजवळच्या दारात त्यांना आडवे आले. "बुधवारी दुरुस्ती मांडा. मग गुरुवारी खुशाल द्या."

"अप्पा, डोकं फिरलं काय तुमचं?" तळमजल्यावरचा केळुसकर ओरडला. "मुंबई जायची वेळ आली नि तुम्ही धूर कसला घेऊन बसलात?"

"मुंबई मिळाल्यावर श्वास नको घ्यायला?"

"गद्दार आहे म्हातारा," मागून कोणीतरी म्हणालं.

अप्पा हलले नाहीत. आमदार घाम पुसत दोन्हीकडे बघत राहिले.

तेवढ्यात अक्का जिना उतरू लागल्या. एकेका पायरीवर थांबत, कठडा धरून. खालून चौथ्या पायरीवर त्यांचा दम संपला. तिथेच बसून त्या आमदारांना म्हणाल्या, "देवन टाका राजीनामो, साहेबानू. ह्येंचा आयकू नकात. माका धुराची सवय झाली."

आमदारांची वाट सोडून अप्पा पायऱ्या चढले, अक्कांशेजारी बसले आणि सगळ्यांदेखत त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागले. बायकोला चार माणसांत असा हात लावलेला आमच्या चाळीने तोवर पाहिला नव्हता. बायकांनी माना वळवल्या. केळुसकर चपलांकडे बघत उभा राहिला.

आमदारांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. बुधवारी दुरुस्ती मांडली गेली नाही.