लिंडेन हॉलमधले दोनशे अडुसष्ट गुन्हेगार

आमच्या वर्गात पत्र लिहावं तर मीच, असा माझा फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारपर्यंत ठाम समज होता. वर्ग म्हणजे एम.ए.चा. कॉलेजातल्या मुलांचं राहणं, भांडणं, रडणं, घरची आठवण काढणं हे सगळं सांभाळायची नोकरी हवी असेल तर दोन वर्षं त्याचं शिक्षण घ्यावं लागतं. माझ्या वडिलांना हे अजून पटलेलं नाही. आमच्या गोठ्यात नव्वद गाई आहेत. "नव्वद जनावरं मी एम.ए. न करता सांभाळतो," असं ते शेजाऱ्यांना सांगतात, आणि शेजारी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात.

माझी सोय अशी होती की थोडा वेळ वर्गात बसायचं आणि उरलेल्या वेळात लिंडेन हॉल हे वसतिगृह सांभाळायचं. चार मजले, दोनशे अडुसष्ट मुलंमुली, बहुतेक सगळी पहिल्या वर्षाची. बदल्यात फी माफ, जेवण फुकट आणि तळमजल्यावर एक खोली, जिच्या भिंतीपलीकडे कपडे वाळवायची यंत्रं दिवसभर घरघरत असतात. हे काम गेलं की एम.ए. गेलं, आणि एम.ए. गेलं की गाई वाट बघत होत्याच. त्यामुळे मी डेल्फीन बाईंना फार भिऊन असे. डेल्फीन एकर्स म्हणजे विद्यापीठातल्या सगळ्या वसतिगृहांच्या प्रमुख. त्या कधीच ओरडत नाहीत. चष्मा काढतात, पुसतात आणि परत लावतात. तेवढ्या वेळात समोरचा आपोआप सगळं ओकून मोकळा होतो.

तिसऱ्या मजल्यावर ३१७ नंबरच्या खोलीत ब्रॅम नावाचा मुलगा राहायचा. तो ट्यूबा वाजवायचा. ट्यूबा म्हणजे लहान मूल आत बसेल एवढं मोठं पितळी वाद्य, आणि ब्रॅमने फुंकलं की ते मूल आत अडकून रडतंय असंच वाटायचं. शेजारची मुलं तीनदा तक्रार घेऊन आली, तेव्हा डेल्फीन बाईंनी मला सांगितलं, त्याला रीतसर पत्र पाठव आणि बोलावून घे.

माझं हे पहिलंच शिस्तीचं पत्र. मी ते तीन दिवस घासूनपुसून लिहिलं. ट्यूबाचा उल्लेख मुद्दाम टाळला, कारण विद्यार्थ्याने स्वतःहून बोलतं व्हावं असं आमच्या पुस्तकात दिलं होतं. मजकूर एवढाच होता: "तुमच्या खोलीत चालणाऱ्या प्रकाराची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. विद्यापीठातलं तुमचं भवितव्य ठरण्यापूर्वी मला येऊन भेटा. प्रामाणिकपणाचा विचार केला जाईल." शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी खुर्चीत रेलून ते दोनदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा तर मलाच जरा भीती वाटली.

गुरुवारी सकाळी वर्गाला पळता पळता संगणकावरून पत्र पाठवून दिलं. यादीत ३१७ वर टिचकी मारायची होती. ती सगळ्यात वरच्या ओळीवर पडली, आणि त्या ओळीचं नाव होतं 'संपूर्ण इमारत'. मला हे कळलं नाही. मी वर्गात जाऊन विद्यार्थ्याचा विश्वास कसा मिळवावा यावर दोन तास टिपणं काढली.

परत आलो तर माझ्या कचेरीबाहेर रांग. आधी वाटलं पार्सलं आली असतील. पण पार्सलाच्या रांगेत मुलं हसत असतात. ही रांग दात काढायला आल्यासारखी उभी होती, आणि एरवी मला ऑरिन म्हणून हाक मारणारी मुलं एकदम "सर" म्हणाली.

पहिला आत आला तो डेन्झिल नावाचा लांबोडका मुलगा. "सर, सगळे परत करतो," तो म्हणाला. काय परत करतो, असं मी विचारणारच होतो. पण आत्ताच शिकून आलो होतो, आपण गप्प बसलं की समोरचा बोलतो. मी गप्प बसलो. डेन्झिलने दप्तरातून भोजनगृहातले चमचे काढून टेबलावर मांडले. एकेचाळीस! का घेतले ते त्यालाही सांगता येईना. मी गंभीरपणे मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.

त्याच्यामागून एक मुलगी लोकरीच्या टोपीत पांढरा उंदीर घेऊन आली. मग दोघं जण वॉफल भाजायचं यंत्र ब्लँकेटमध्ये गुंडाळून आले, नुकतं जन्मलेलं बाळ आणावं तसं. एकीने कसलाच नियम मोडला नव्हता, पण खोलीतली मैत्रीण तिला अजिबात आवडत नव्हती आणि हे आम्हाला कळलं असणार अशी तिची खात्री होती. एक जण तीन आठवडे वर्गातच गेला नव्हता. मी प्रत्येकाला "हं" एवढंच म्हणत होतो आणि मनात फुगत होतो. मुलं माझ्यापाशी किती मोकळी होतात! आमच्या प्राध्यापकांनी हे बघायला हवं होतं.

मग दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी आत आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सर, पत्र आमच्या मजल्यावर सगळ्यांनाच आलंय. म्हणजे सगळ्यांवरच नजर ठेवली होती का?"

मी संगणकाकडे वळलो. पडद्यावर कोपऱ्यात लिहिलं होतं: पाठवले, २६८.

जिना संपल्यावरही एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा तसं झालं. खरं तर त्याच क्षणी उठून बाहेर जायचं आणि सांगायचं की बाबांनो, चूक झाली, घरी जा. एवढं एकच वाक्य होतं. पण ते वाक्य डेल्फीन बाईंच्या कानावर जाणार, आणि मग चष्मा निघणार. माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. मी म्हणालो, "पुढचा."

त्यानंतरचे दोन तास मला नीट आठवत नाहीत. रांग जिन्यापर्यंत गेली. जे कळेल ते वर कळवायचं हा आमच्या कामाचा पहिला नियम, आणि मला दर तीन मिनिटांनी काहीतरी नवीन कळत होतं. आता मी मनातल्या मनात विनवत होतो की याने तरी काही सांगू नये. २०४ मधला लेव्ही आला आणि त्याने सांगितलं की ऑक्टोबरपासून त्याचा चुलतभाऊ त्याच्या खोलीत जमिनीवर झोपतोय, वडिलांनी घराबाहेर काढलंय, बाहेर उणे वीस आहे, त्याने जायचं कुठे. मी तेही वहीत लिहिलं.

दरम्यान वर अफवा पसरली की धूर ओळखणाऱ्या यंत्रांत कॅमेरे बसवलेत. तिसऱ्या मजल्याने सगळ्या यंत्रांवर मोजे चढवले. माझ्या भिंतीवरच्या फलकावर लाल दिवे लुकलुकायला लागले. पालकांचे फोन सुरू झाले. एका आईने विचारलं, माझ्या मुलाने नक्की काय केलं? मी म्हणालो, तेच शोधतोय. यावर त्या रडायलाच लागल्या. एकटा ब्रॅम आला नाही. तो पत्रं वाचतच नाही असं नंतर कळलं.

दीड वाजता डेल्फीन बाईंचा फोन आला. इमारतीला गेलेल्या प्रत्येक पत्राची प्रत त्यांच्याकडे जाते, हे मी विसरलो होतो. "ऑरिन," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "माझ्या खोलीत चालणाऱ्या प्रकाराची तुला पूर्ण कल्पना आहे म्हणे. मी येतेय."

फोन ठेवतोय तोच रांग मोडून हॅडली नावाची मुलगी धावत आत आली. तिच्या खोलीतली माई-सी वांग बॅग भरून निघून गेली होती. पत्र वाचून कोणाशी एक शब्द बोलली नाही, म्हणे. दोन वीसच्या बसने वॉसॉला घरी चालली होती, कायमची.

मी कोट न घेताच पळालो. रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर होता. दोनदा पडलो. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा एका म्हातारीने मला उठवलं आणि मारामारी कोणाशी झाली असं विचारलं. पण मला तेव्हा ना डेल्फीन बाई आठवत होत्या ना गाई. एकच दिसत होतं, की ही मुलगी बसमध्ये चढली तर माझ्या एका टिचकीने तिचं कॉलेज संपलं.

पेट्रोलपंपाच्या कडेला बस थांबते. तिथे माई-सी बॅगेवर बसली होती. मांडीवर भात शिजवायचा विजेचा कुकर होता, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"परत चल," मी धापा टाकत म्हणालो.

ती माझ्याकडे बघेना. हळूहळू सांगायला लागली. कुकर आईने दिला होता. खोलीत ठेवायची परवानगी नाही हे तिला माहीत होतं, पण भोजनगृहातला भात तिच्या घशाखाली उतरत नव्हता. घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. काढून टाकलं असं झालं तर आईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून काढण्याआधी आपणच सोडलं असं सांगायचं तिने ठरवलं होतं.

"ते पत्र तुला नव्हतं," मी म्हणालो.

"मग कोणाला होतं?"

"ट्यूबावाल्याला. मी चुकून सगळ्या इमारतीला पाठवलं."

ती बराच वेळ गप्प राहिली. गप्प बसलं की समोरचा बोलतो, हे तिला न शिकता येत होतं. मी सगळं सांगितलं. सकाळीच कळलं होतं, तरी घाबरून दोन तास तसाच बसून राहिलो, हेसुद्धा सांगितलं.

"म्हणजे माझ्या कुकरबद्दल तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

"नव्हतं. आत्ता कळलं."

तिने कपाळावर हात मारला. मग फोन काढून आईला लावला, कारण आईला तिने आधीच कळवलं होतं आणि आई कारखान्यातून रजा टाकून निघाली होती. दोघी त्यांच्या हमोंग भाषेत बोलत राहिल्या. पलीकडून बराच मोठा आवाज येत होता. शेवटी माई-सी माझ्याकडे वळली. "आई विचारतेय, हे काम तुम्ही कुठे शिकलात?"

"अजून शिकतोय म्हणावं," मी म्हणालो.

तेवढ्यात बस आली. दार उघडलं, ड्रायव्हर वाट बघत राहिला. माई-सीने मान हलवून त्याला जायला सांगितलं, कुकर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाकीच्यांना कधी सांगणार?"

परत आलो तर डेल्फीन बाई माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर एकेचाळीस चमचे, माझी वही आणि टोपीतला उंदीर. त्यांनी चष्मा काढला. पुसायला लागायच्या आतच मी सगळं एका दमात सांगून टाकलं, आणि खोली कधी रिकामी करू असंही विचारलं.

त्यांनी त्याचं उत्तर दिलंच नाही. "या वहीतल्या कोणाला खरंच मदत हवीय?" एवढंच विचारलं.

मी लेव्हीच्या चुलतभावाबद्दल सांगितलं. त्यांनी तिथूनच तीन फोन केले आणि संध्याकाळच्या आत त्या मुलाला गावात पलंग आणि दार असलेली खोली मिळाली. तीन आठवडे वर्गात न गेलेल्या मुलाला त्या स्वतः भेटायला गेल्या. बाकीची पानं त्यांनी कागद कापायच्या यंत्रात घातली. कुकरला तळमजल्यावरच्या सामायिक स्वयंपाकघरात जागा मिळाली.

"माझी नोकरी?" मी शेवटी विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण यापुढे पत्र लिहायचं नाहीस. माफीचं तर नाहीच. दोनशे अडुसष्ट जणांना दार वाजवून तोंडाने सांगायचं."

चार दिवस लागले. प्रत्येक दार उघडताना आतला चेहरा आधी पांढरा पडायचा. मी सांगायचो की चूक माझी होती, तुमच्यावर कसलाही आरोप नाही, आणि मग तो चेहरा पुन्हा माणसात यायचा. काही जण हसले, काहींनी शिव्या दिल्या, एका मुलीने मला बिस्किट दिलं. ब्रॅमने पत्र कसलं असं विचारलं, तेव्हा ट्यूबाचंही सांगून टाकलं. तो बिचारा ओशाळला आणि संगीत विभागात जाऊन वाजवायला तयार झाला. हे दोन मिनिटांत झालं. त्याच्यासाठी मी तीन दिवस पत्र लिहिलं होतं.

रविवारी चौथ्या मजल्यावर शेवटची काही दारं उरली होती. ४२२ चं दार वाजवलं तर आत बरीच धावपळ ऐकू आली. मग एमेट नावाच्या मुलाने चार बोटं दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत तो घाईघाईने म्हणाला, "सर, मी सांगणारच होतो, ती फक्त थंडी संपेपर्यंत..."

"काही सांगू नकोस," मी म्हणालो, आणि माफीची सगळी वाक्यं एका श्वासात म्हणून टाकली.

आतून कोणीतरी स्पष्ट बें केलं.

एमेट माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे.

"रूममेट आहे," तो म्हणाला. "सर्दी झालीय."

"काळजी घे म्हणावं," मी म्हणालो आणि जाऊन ४२३ चं दार वाजवलं.