भोयरकाकांची बटणं

भोयरकाका गाडीच्या शोरूममध्ये शिरले की आधी डोळे मिटतात. रंग बघत नाहीत, किंमत विचारत नाहीत. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायचं, डोळे गच्च मिटायचे आणि चाचपडत एसी लावायचा, ही त्यांची परीक्षा. एकही नवी गाडी त्यात पास झाली नाही.

रामदासपेठेत आमची दारं समोरासमोर. त्यांची जुनी गाडी दुरुस्तीपलीकडे गेल्यापासून शोरूम फिरवायचं काम माझ्या गळ्यात. एका ठिकाणी तिथल्या पोरीला वाटलं, आजोबांना घेरी आली. ती धावत पाणी घेऊन आली. काका डोळे न उघडता म्हणाले, "मले काही नाही झालं. तुह्या गाडीले बटण नाही, ते पाह्य."

तिने कौतुकाने भली मोठी स्क्रीन दाखवली. काकांनी मिटल्या डोळ्यांनी बोट लावलं, तर गाणी सुरू झाली. पुन्हा लावलं, तर अंगावर गरम हवा. नागपुरात, मे महिन्यात! काका जे उतरले ते थेट रस्त्यावर.

"बटण हाताले ओळख देते, काच देत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चालवणार तुम्ही, मग परीक्षा बाजूच्या सीटवरून काहून, असं मी एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मी मनात म्हटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय.

शेवटी काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याची वापरलेली गाडी सापडली. डॅशबोर्डवर तीन जाडजूड गोल बटणं. पहिल्याच फटक्यात एसी लागला आणि काकांनी सौदा केला.

परतताना ते आपणहून बोलले. काकूंची नजर अधू झालीय हे मला ठाऊक होतं, पण आता त्यांना जवळपास दिसतच नाही, हे त्या दिवशी कळलं.

"गाडीतला एसी, रेडिओ, सारं तिच्याकडंच राहे. पोराच्या नव्या गाडीत बसली अन् काचेवर हात फिरवून राहिली. काही सापडेना. तवापासून म्हणते, मी येत नाही, मले ओझं होऊन बसाचं नाही."

माझी मलाच लाज वाटली.

घरी आल्यावर काकांनी काकूंना हाताला धरून पुढे बसवलं. मी मागे. ऊन मी म्हणत होतं. इंजिन सुरू झालं, पण हवा नाही. मी न राहवून हात पुढे केला, तर काकांनी माझं मनगट धरलं.

"थांब गा. तिले लावू दे."

काकूंची बोटं डॅशबोर्डवरून सावकाश फिरली. एका बटणाशी थांबली, पुढे गेली, परत आली. मग त्यांनी ते फिरवलं आणि गार वारा आला.

"मागं पोचते का रे हवा?" त्यांनी मला विचारलं.

पोचते म्हणालो.

"मंग चाला जी," काकू म्हणाल्या. तेव्हा कुठे काकांनी गिअर टाकला.