खोट सांगून विक्री

दातांच्या डॉक्टरांनी सेवा मंडळाच्या बैठकीत नवा नियम मांडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिथेच गाडं घसरलं. मंडळ दरवर्षी लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकून त्या पैशांतून गावाचं एखादं काम करायचं. गेल्या वर्षी 'अगदी नव्यासारखी' म्हणून खपवलेली इस्त्री गिऱ्हाइकाने परत आणून टेबलावर आदळली होती. ते डॉक्टरांच्या फार मनाला लागलं होतं.

"यंदा वस्तूची खोट आधी सांगायची, मगच विकायची," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी खरंच बोलायचं. मूल्यं काय नुसती फलकावर रंगवायला असतात?"

यंदाचं काम वाचनालयाच्या दाराशी उतार बांधण्याचं होतं. ग्रंथपाल बाई पडल्यापासून चाकाच्या खुर्चीत होत्या. रोज पायऱ्यांपाशी येऊन थांबायच्या आणि आत लोक पुस्तकं भलत्याच कपाटात कोंबताना बघून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "महिन्याभरात तुम्हाला आत नेतो," असा शब्द डॉक्टर देऊन बसले होते.

विक्रीच्या टेबलामागे त्यांनी बायकोला बसवलं.

"अहो, मीच कशाला?"

"तुला खोटं बोलता येत नाही म्हणून."

तेवढं मात्र खरं होतं. "मिक्सर चालतो," वहिनी गिऱ्हाइकाला सांगायच्या, "पण झाकण दोन्ही हातांनी दाबून धरा, नाहीतर सगळं छताला." लोक पोट धरून हसायचे, शेजाऱ्यांना बोलावून आणायचे आणि रिकाम्या हातांनी उभे राहायचे. दुपार झाली तरी एक चमचाही खपला नाही.

मग कोणीतरी बँकेच्या मॅनेजरांचा कोट उचलला. "चांगला दिसतोय की. का दिला हो त्यांनी?"

"कमरेला तीनदा सैल केलाय," वहिनी म्हणाल्या. "तिन्ही वेळा साहेबांचं डाएट सुरू झाल्यावर."

मॅनेजर मागेच उभे होते. "वहिनी, तो कोट मी घेतो."

"अहो, तुमचाच आहे."

"म्हणूनच."

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. वकीलबाई धापा टाकत आल्या. त्यांनी दिलेला कपबशांचा सेट सासूबाईंनी हौसेने आणलेला होता आणि सासूबाई गर्दीतून टेबलाकडेच येत होत्या. "तो सेट का दिला हे कोणी विचारायच्या आत बांधा," वकीलबाई कुजबुजल्या. बघणारे तर त्यांच्याही वरचढ निघाले. वस्तूचा मूळ मालक धावत आला, की कोणीतरी हळूच म्हणायचं, "मी दुप्पट देतो." संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळा माल आपापल्या घरी परत गेला आणि उताराला थोडेसेच पैसे कमी राहिले. डॉक्टर खुशीत फिरत होते.

टेबलापाशी आता एकच वस्तू उरली होती, त्यांचीच व्यायामाची सायकल. "मी रोज अर्धा तास सायकल मारतो, तुम्हाला दोनदा दात घासायला काय होतं?" हे त्यांचं दवाखान्यातलं पेटंट वाक्य होतं.

त्यांचा एक जुना पेशंट सायकलभोवती फिरला. "वहिनी, डॉक्टरांनी वापरून वापरून झिजवली असेल, नाही?"

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, खरंच सांगायचं ना?"

"मी घेतो ती," डॉक्टर घाईघाईने म्हणाले.

"दुप्पट," कोट हातावर टाकलेले मॅनेजर म्हणाले.

"तिप्पट," डॉक्टर म्हणाले आणि उताराचे पैसे पुरे झाले.

महिना संपायच्या आत ग्रंथपाल बाईंची खुर्ची उतारावरून थेट आत गेली. त्यांनी कपाटांवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि डॉक्टरांना जवळ बोलावलं. "शब्द पाळलात हो. आणि ती सायकल परत घेतलीत म्हणे. रोज अर्धा तास चालवता?"

वहिनी छताकडे बघू लागल्या. मॅनेजर दोन पावलं पुढे सरकले. डॉक्टरांनी घसा साफ केला.

"बाई," ते म्हणाले, "टॉवेल फार छान वाळतात तिच्यावर."