नामदेवअण्णांची कंबर

नामदेवअण्णा माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या कमरेला टेप लावत. कानडी मुलखात, जयनगरात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत मी, पुण्याहून बदलून आलेला बँकेतला कारकून, भाड्यानं राहायला आलो होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं माप घेतलं. "चौतीस. वयाला स्वल्प जास्तच. सांभाळा." मी फक्त खोलीची किल्ली मागायला गेलो होतो.

मला वाटलं, धंद्याची सवय. पण हे खूळ झटक्यानंतरचं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. अण्णांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि हॉस्पिटलातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी हृदयरोग्यांच्या अभ्यासासाठी त्यांचं रक्त घेतलं होतं. पोटावरची चरबी नुसती बसून नसते, असं त्यांनी समजावलं. ती एक हार्मोन सोडते आणि मेंदूला कळवते, आता खाणं पुरे. जाड माणसाच्या रक्तात हे हार्मोन भरपूर असतं, पण मेंदू ते मनावरच घेत नाही. मग साखर वाढते, हृदयाचा धोका वाढतो.

"म्हणजे आमच्या घरासारखंच की! बोलणारे सगळे, ऐकणारा कोणी नाही," अण्णा म्हणाले.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला पँटबरोबर प्रवचन फुकट मिळू लागलं. कमरेला थोडी सैल ठेवा म्हणणाऱ्याला अण्णा साफ नकार देत. "सैल ठेवली की पोट तिथपर्यंत येतंच, सरी?" त्यांच्या कानडी वळणात सरी म्हणजे ठीक, बरोबर. निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या टेलरकडे गेली. अण्णांची स्वतःची कंबर मात्र आठ महिन्यांत बेचाळीसवरून छत्तीसवर आली. रक्तातलं हार्मोनही उतरलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या आणि अण्णा काळजीत पडले.

कारण अक्का. आई गेल्यावर अण्णांना वाढवलेली ही थोरली बहीण होसकोट्याला राहायची. वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी दिसत नसे. झटक्याचं तिला कोणी कळू दिलं नव्हतं. "ऐकलं तर हाय खाईल," अण्णा म्हणत. पण भेटायला गेलं की ती भावाच्या अंगावरून हात फिरवून तब्येत बघायची. उतरलेलं पोट हाताला लागलं, की सगळं बाहेर येणार होतं.

एका रविवारी त्यांनी मलाही होसकोट्याला नेलं. एप्रिलचं ऊन, आणि अण्णांनी शर्टाच्या आत कापूस भरलेली बंडी घातलेली. "जुनं बेचाळीसचं माप आहे. तिथे हसू नका," ते घाम पुसत म्हणाले. मी बसमध्येच हसून घेतलं.

अक्कानं खांदे चाचपले, पाठ चाचपली. पोटावर हात जरा जास्त वेळ राहिला. "सरी आहेस रे, नामू," ती म्हणाली. अण्णांचा चेहरा खुलला.

निघताना ते चपला घालायला बाहेर गेले, तेव्हा अक्कानं माझा हात धरला.

"शिंप्याच्या घरातली आहे मी. कापूस कळत नाही का हाताला?" ती हळूच म्हणाली. "मला कळलंय म्हणून त्याला सांगू नका, जीवाला लावून घेईल. एवढंच सांगा, चालताना त्याला दम लागतो का?"

मी नाही म्हणालो. ते खरंच होतं.